हद्दीबाहेरची जोडणी आणि मलवाहिनीतली शिल्लक जागा

शहराच्या हद्दीबाहेर उभ्या राहणाऱ्या वसाहतीला पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी द्यायची की नाही, हे बहुतेक वेळा एकाच वजाबाकीवर ठरवले जाते : मलजल प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेतून रोजची सरासरी आवक वजा केली की उरते ती शिल्लक. माझ्याकडे अभिप्रायासाठी आलेल्या एका प्रस्तावात विकासकाच्या सल्लागारांनी ही वजाबाकी अचूक मांडली होती. केंद्रात जागा होती, पाणीही पुरेसे होते, आणि दुपारच्या बैठकीत मला अभिप्राय द्यायचा होता. रात्रभर जोराचा पाऊस झाला होता, म्हणून सकाळीच मी ड्रेनेजच्या मुकादमांना घेऊन मुख्य मलवाहिनीवर गेलो.

पंपिंग स्टेशनच्या अलीकडे जिथे वाहिनीचा उतार कमी होतो, तिथल्या चेंबरचे झाकण आम्ही काढले, आतला वायू निघून जाऊ दिला आणि वरूनच टॉर्च मारला. पाणी उतरले होते, पण लोखंडी पायऱ्यांवर चिंध्या लोंबत होत्या आणि भिंतीवर तेलकट थराची ताजी रेघ वाहिनीच्या माथ्याच्याही बरीच वर दिसत होती. मुकादम म्हणाले, “साहेब, मोठ्या पावसात दर वेळी इथवर चढतं. वरच्या गल्लीतल्या तळमजल्यांच्या तक्रारी तेव्हाच येतात.” पंपिंग स्टेशनच्या नोंदवहीत पहाटे तीन वाजता सर्व पंप चालू असल्याची नोंद होती. त्या वेळी घराघरांतून येणारे सांडपाणी सर्वांत कमी असते. म्हणजे वाहिनी भरली होती ती निखळलेल्या सांध्यांतून शिरणाऱ्या भूजलाने आणि मलवाहिनीलाच जोडून दिलेल्या गच्च्यांच्या पाण्याने.

बैठकीत मी सरासरीचा हिशेब बाजूला ठेवायला सांगितले. दहा हजार लोकांना माणशी रोज 150 लिटर पाणी दिले आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी होऊन परतले, तर रोज 12 लाख लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 लिटर होतात. पण एवढ्या वस्तीचा सकाळचा उच्चतम प्रवाह सरासरीच्या जवळपास तिप्पट धरावा लागतो. लोकसंख्येवरून उच्चतम प्रवाहाचा अंदाज देणाऱ्या हार्मन सूत्राने तो सेकंदाला सुमारे 41 लिटर येतो. मुख्य वाहिनीत पोहोचेपर्यंत ही लाट काहीशी पसरते हे खरे, तरी ज्या तुकड्यात पावसात आधीच जागा नाही, तिथे केंद्रातली शिल्लक काही उपयोगाची नाही.

पाणी आधी द्यावे, मलनिस्सारणाचे नंतर पाहू, अशी सूचना आली, तिला मी ठाम विरोध केला. दिलेले बहुतेक पाणी सांडपाणी होऊनच बाहेर पडते, आणि त्याला वाट नसेल तर ते नाल्यात किंवा जमिनीत जाते. आणखी एक बाब प्रस्तावात अजिबात नव्हती : हद्दीतल्या ज्या बांधकामांना परवानगी मिळाली आहे पण ज्यांची जोडणी अजून झालेली नाही, त्यांचा हक्क. मीटरवर न दिसणारी ही मागणी शिल्लकीतून वजा केली नाही, तर तीच जागा दोघांना दिली जाते. माझ्या मते अशा आरक्षणाची स्वतंत्र नोंदवही हवी आणि प्रत्येक नोंदीला मुदत हवी, नाहीतर घरे न बांधणारा माणूसही वर्षानुवर्षे जागा अडवून बसतो.

बरीच चर्चा झाल्यावर प्रस्ताव टप्प्यांत विभागला गेला. विकासकाच्या खर्चाने आधी त्या तुकड्यातले गळके सांधे दुरुस्त करायचे, गच्च्यांच्या जोडण्या तोडायच्या आणि फ्लो मीटर बसवायचा. त्यानंतरच पहिल्या टप्प्यातल्या घरांना पाणी आणि मलनिस्सारण या दोन्ही जोडण्या एकत्र मिळतील. वसाहतीपासूनच्या लांब दाबवाहिनीबद्दलही (पंपाच्या दाबाने मैलापाणी पुढे ढकलणाऱ्या वाहिनीबद्दलही) मी एक अट घातली. सुरुवातीला राहणारे लोक थोडे असल्याने मैलापाणी तिच्यात तासन्‌तास पडून सडते आणि त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड पुढच्या काँक्रीट वाहिनीचा माथा खातो, म्हणून सुरुवातीच्या काळासाठी कमी व्यासाची वेगळी वाहिनी टाकावी, असे मी लिहिले. दुसऱ्या टप्प्याची फाइल पुढच्या पावसाळ्यातल्या मीटरच्या नोंदी हाती येईपर्यंत थांबवण्यात आली.