रजिस्टरात फक्त 'खाज'

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पावसाळ्यात खाजेचे पेशंट इतके येतात की हात आपोआप क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्या मलमाच्या ट्यूबकडे जातो. काकूंच्या बाबतीत तो तीनदा गेला. "पोटाखाली लाल झालं, मॅडम," त्या साडीवरूनच दाखवायच्या, मागे रांगेत चार पुरुष उभे. मी ट्यूब द्यायची आणि रजिस्टरात लिहायची: खाज.

ऑक्टोबरात चौथ्यांदा आल्या, तेव्हा वास आला. दार लावून टेबलावर झोपवलं, तेव्हा कुठे खरी गोष्ट कळली. दोन वर्षांपूर्वी भावाने नागपुरात वजनाचं ऑपरेशन करून दिलं होतं. ११८ किलोच्या काकू ६४ वर आल्या. चरबी गेली, कातडी राहिली. मांडीवर लोंबणारी पोटाची ती घडी दोन्ही हातांनी उचलली, तर ओल्या गोधडीसारखी जड. आत लालबुंद चकाकणारा पट्टा, मधोमध चीर, कडेला दह्यासारखं पांढरं आणि पट्ट्याबाहेर विखुरलेले बारीक लाल ठिपके. हे ठिपके दिसले की कॅन्डिडा ही बुरशी समजायची. त्यासाठी मशीन लागत नाही, घडी उचलावी लागते. मी तीन महिने उचलली नव्हती.

काही जागी मात्र कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, खालच्या शिरा दिसत होत्या. "अजून काय लावता?" पिशवीतून चेपलेली ट्यूब निघाली. क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, सगळं एकातच. २०१८ मध्ये असली स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या बाजारात ती साबणाच्या वडीसारखी मिळतात. "लावलं की दोन दिवस बरं वाटते ना." वाटणारच. सूज दबते आणि खाली बुरशी मजेत वाढते.

शुगर ११२ निघाली, हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे कमी. या ऑपरेशननंतर लोह, बी-१२ च्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. काकूंनी आठ महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. "बारीक झाली ना मी आता, कायले गोळ्या?" ऑपरेशन केलेल्या दवाखान्याने त्यांचा आधीचा आणि नंतरचा फोटो भिंतीवर लावलाय म्हणे. गोळ्यांचं एकदा फोन करून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग घासतं कुठे ते शोधलं. परकराची नाडी नेमकी घडीच्या वर, आणि तिच्यावर वेचणीची ओटी. ओटीत कापूस भरत जातो तशी घडी खाली दाबली जाते, घाम आतच मुरतो. मी सांगितलं: साध्या पाण्याने धुवा, चोळू नका, टिपून घ्या. जुन्या धोतराची सुती पट्टी घडीत ठेवा, ओली झाली की बदला, शेतात चार पट्ट्या न्या. पावडर नको, हळद नको. दुपारी पंख्याखाली दहा मिनिटं घडी वर धरून पडा, हे म्हणताना मलाच हसू आलं. दुपारी लाइन असते कुठे? ओटीऐवजी खांद्याला झोळी अडकवा म्हटलं, तर म्हणाल्या, "बाया हासतीन."

त्यात आशाताईंनी भरलेल्या सीबॅक फॉर्मवर, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांच्या धोक्याला गुण देणाऱ्या फॉर्मवर, त्यांची कंबर ९६ सेंमी. बाईची कंबर ९० च्या वर गेली की धोक्याचे पूर्ण गुण. टेप लोंबत्या कातडीवरून फिरला होता.

पंधरा दिवसांत चीर भरली. कातडी काढण्याच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं, वजनही वर्षभर स्थिर होतं. तिथल्या डॉक्टरांनी रास्तच विचारलं: कुठे, किती वेळा, कोणत्या औषधाने बरं झालं नाही? कागद दाखवा. दिसण्यासाठी हवंय की त्रासासाठी, ते कागदावरून ठरतं. काकूंनी माझे केसपेपर पुढे केले. तीन तारखा, तीनदा 'खाज'. सहा महिने नीट नोंद ठेवून या, असं सांगून त्यांना परत पाठवलं.

आता दर भेटीला घडी उचलते, पट्ट्याची रुंदी मोजते, चीर, वास, पाणी सुटतं का ते लिहिते, विचारून फोटो काढते. चार ओळी होतात. त्या जुलैतही झाल्या असत्या.

गेल्या मंगळवारी बोलावलं होतं, आल्या नाहीत. आशाताई म्हणाली, तिसरी वेचणी सुरू आहे, ओटी पोटावरच बांधतात.