‘व्हिडिओ फार छान असतात’

आज एका शिफारसपत्रात ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेबद्दल एकच वाक्य फिरून फिरून आलं. ‘मॅडमचे व्हिडिओ फार छान असतात.’

पदोन्नतीचं पत्र आहे हो, लग्नाचा अल्बम नाही!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत चार क्रेडिटचा पूर्ण ‘मूक’ कोर्स (MOOC, म्हणजे कुणालाही घेता येणारा ऑनलाइन कोर्स; मराठीत हे नाव भलतंच शोभतं) तयार केला की संशोधनाचे २० गुण, समन्वयकाला ८. कोर्सचे भाग चार: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच, मूल्यमापन. सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचं तर किमान १० शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण लागतात. म्हणून जो तो मोजायला सोपं तेच मोजतो.

मानसशास्त्राचा खरा वर्ग मात्र चर्चामंचावर भरतो. नैराश्याचा धडा झाला की कुणीतरी स्वतःचंच लिहून जातं. तेव्हा मॅडमनी किती तासांत उत्तर दिलं? बोलणं चारचौघांतून बाजूला कसं नेलं? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिला का? पत्रात हे हवं. शिवाय नाव किती जणांनी नोंदवलं, परीक्षेपर्यंत किती टिकले, तेही.

चर्चामंच उघडूनही न बघता सही करणाऱ्यांनी शिफारस केली ती मॅडमची, की कॅमेरावाल्याची?