तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बल’ शिकवायला सुरुवात कुठून करावी?

विज्ञान शिकवू लागलेले नवे शिक्षक, आणि कधी कधी घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालकही, मला एक प्रश्न हमखास विचारतात. आठवीच्या पुस्तकातला ‘बल व दाब’ हा धडा मुले धडाधड पाठ करतात, व्याख्याही बिनचूक लिहितात, पण जरा वेगळा प्रश्न विचारला की गोंधळतात. तर मग बल ही कल्पना त्यांना पहिल्यांदा सांगायची कशी? मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका गावात बरीच वर्षे विज्ञान शिकवत आहे आणि माझे उत्तर आता पक्के झाले आहे. सुरुवात हलणाऱ्या वस्तूपासून करू नये, स्थिर उभ्या असलेल्या वस्तूपासून करावी; आणि व्याख्येच्या आधी शब्द साफ करून घ्यावा.

शब्दाचे आधी सांगते, कारण अर्धी अडचण तिथेच आहे. बोलताना आपण बळ, जोर, ताकद, शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. ‘त्याच्या अंगात दहा जणांचे बळ आहे’ असे म्हणताना आपले काही चुकत नाही. पण हेच ‘अंगात’ मुलांच्या मनात घर करून बसते, आणि मग त्यांना वाटते की फेकलेल्या चेंडूच्या अंगात हाताने बल भरले, ते वाटेत हळूहळू संपले, म्हणून चेंडू खाली पडला. भौतिकशास्त्रातले बल कोणाच्याही अंगात साठलेले नसते. ते एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर लावलेले असते, आणि हात सुटल्यानंतर चेंडूवर हाताचे बल उरतच नाही. उरते ते पृथ्वीचे ओढणे आणि हवेचा विरोध. म्हणून माझ्या वर्गात पहिला आठवडाभर ‘बल’ हा शब्द सुटा वापरायला परवानगी नसते. कोणी, कोणावर, कोणत्या दिशेने, ही तीन उत्तरे असतील तरच वाक्य पूर्ण झाले असे मी धरते.

त्यानंतर आम्ही किनाऱ्यावर वाळूत ठेवलेल्या होडीकडे जातो. ‘या होडीवर किती बले कार्य करत आहेत?’ असे विचारले की बहुतेक मुले ‘एकही नाही, ती तर उभी आहे’ असे सांगतात. पृथ्वी तिला खाली ओढते, हे थोड्या विचाराने पटते. वाळू तिला तितक्याच बलाने वर ढकलते, हे मात्र काही केल्या पटत नाही, कारण मुलांच्या लेखी ढकलायला हात लागतात आणि वाळूला हात नाहीत. ही शंका अगदी रास्त आहे, आणि नुसते सांगून ती जात नाही.

तिच्यासाठी मी वर्गात एक साधी मांडणी करते. वह्यांच्या दोन थप्प्यांवर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवायची, तिच्या मध्यावरून सुतळीने करवंटी टांगायची आणि करवंटीत मूठमूठ वाळू घालत जायचे. पहिल्या मुठीला पट्टी जेमतेम वाकते, दुसऱ्या मुठीला थोडी अधिक, तिसरीला आणखी; पण प्रत्येक वेळी ती एका ठिकाणी येऊन थांबते. ती का थांबली, हा प्रश्न इथे विचारायचा आणि घाई न करता उत्तराची वाट पाहायची. कोणीतरी म्हणतेच की पट्टी सरळ व्हायला बघते आहे, म्हणून ती करवंटीला वर ओढते. वाकलेल्या पट्टीचे वरच्या दिशेचे बल जेव्हा वाळूसह करवंटीच्या वजनाइतके होते, तेव्हा सारे स्थिर होते. मग पट्टीऐवजी जाड फळी ठेवायची. ती वाकताना दिसत नाही, पण वाकते, डोळ्यांना कळणार नाही इतकी थोडी. टेबल, जमीन आणि होडीखालची दबलेली वाळू हेच करतात. संतुलित बल या शब्दाला त्या क्षणी अर्थ येतो: बल नाही असे नव्हे, बले आहेत आणि ती एकमेकांना पुरी पडली आहेत.

यानंतर होडी हलवण्याकडे वळते. होडी वर ओढताना सहा माणसे जोर लावतात आणि ती जागची हलत नाही. आणखी दोघे येतात आणि ती सरकते. सहा जणांचे बल वाया गेले का? नाही. वाळूचे घर्षण त्यांच्या ओढण्याइतकेच उलट दिशेने वाढत होते. घर्षणाला एक कमाल मर्यादा असते, आणि आठ जणांनी ती ओलांडली. वर्गात हेच ताणकाट्याने, म्हणजे स्प्रिंग किती ताणली यावरून बल दाखवणाऱ्या काट्याने, दिसते. लाकडी ठोकळ्यावर एक किलोचे वजन ठेवून बाकावरून ओढले, तर काटा आधी चढत जातो आणि ठोकळा जागचा ढळत नाही. मग ठोकळा सुटतो आणि काटा किंचित खाली येतो. वस्तू हलवायला लागणारे बल ती हलती ठेवायला लागणाऱ्या बलापेक्षा जास्त का, हे मुलांनी त्या काट्यावर स्वतः वाचावे. ठोकळ्याखाली चार गोल पेन्सिली ठेवल्या की काट्यावरचा आकडा किती उतरतो, हेही पाहावे. होडीखाली ओंडके का घालतात, हे मग सांगावे लागत नाही.

इथपर्यंत आल्यावर खरी गाठ समोर येते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मला ठामपणे सांगितले होते, “ढकलूचां बंद केलां की ती थांबतलीच, बाई.” तो चुकला होता, पण त्याची चूक हलकी नव्हती. गती टिकवायला सतत बल हवे, हेच ॲरिस्टॉटलचे मत होते आणि शेकडो वर्षे ते विद्वानांनी प्रमाण मानले. गॅलिलिओने उतारावरून गोळे घरंगळवून त्याला धक्का दिला आणि १६८७ मध्ये न्यूटनने गतीचे तीन नियम मांडले, तेव्हा चित्र पालटले. त्या मुलाला मी एवढेच विचारले की पाण्यात वल्ही उचलल्यावर होडी लगेच थांबते का. तो मच्छीमाराचा मुलगा. त्याला उत्तर माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. धक्क्याजवळ येताना वल्ही आधीच उचलतात, होडी तरीही येतच राहते, आणि ती धक्क्यावर आपटू नये म्हणून कोणाला तरी हात किंवा पाय पुढे करून तिला थोपवावे लागते. थांबवायलाही बल लागते, हे बोलताना तो स्वतःच थबकला. वाळूत होडी थांबते ती वाळूच्या बलामुळे. पाण्याचा विरोध त्या मानाने कमी, म्हणून ती पुढे जाते. आणि विरोध मुळीच नसता तर ती त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहिली असती. वस्तूच्या या गुणाला जडत्व म्हणतात; त्याची व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. तोपर्यंत तिची गरज कोणालाही भासली नव्हती.

बलाच्या दिशेसाठी माझ्या मते रापणीइतके, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याइतके, चांगले उदाहरण दुसरे नाही. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर माणसांचे दोन गट किनाऱ्यावरून ओढतात. सुरुवातीला गट एकमेकांपासून बरेच दूर असतात आणि जाळे जवळ येऊ लागते तसे ते एकमेकांकडे सरकत जातात. जाळ्याचे तोंड मिटून मासळी निसटू नये हा त्यातला मुख्य हेतू, पण बलाचा हिशेबही तिथे डोळ्यांसमोर घडतो. दोर तिरके असताना प्रत्येक गटाच्या ओढीचा काही भाग बाजूला जातो. एकाचा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि ते दोन भाग एकमेकांना रद्द करतात. किनाऱ्याकडे येणारा भाग तेवढा एकत्र होतो. दोर जसजसे समांतर होतात तसतसा तोच जोर अधिक कामी येतो. बल ही सदिश राशी आहे, म्हणजे तिला परिमाणाबरोबर दिशा असते आणि तीस अधिक तीस दर वेळी साठ होत नाहीत, हे पुस्तकातल्या बाणांपेक्षा इथे लवकर कळते.

न्यूटनचा तिसरा नियम, म्हणजे प्रत्येक बलाला तितकेच उलट दिशेचे बल असते हा, मी वल्ह्यावरच उरकते. वल्हे पाण्याला मागे ढकलते आणि पाणी वल्ह्याला पुढे. फक्त एक काळजी घ्यावी: ही दोन बले वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. होडीवरच्या संतुलित बलांशी मुले यांची हमखास गल्लत करतात, आणि ‘कोणी, कोणावर’ ही सवय तेव्हा उपयोगी पडते.

राहिले एकक. साधारण १०० ग्रॅमचा बांगडा तळहातावर ठेवला, तर त्याला तोलून धरायला सुमारे १ न्यूटन बल लागते. एक किलोला ९.८ न्यूटन. बाजारात आपण ‘वजन’ म्हणून किलोत मोजतो ते खरे तर वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वीने त्या वस्तूला किती बलाने ओढले ते. तोच बांगडा चंद्रावर नेला तर त्यातली मासळी तेवढीच राहील, ताणकाटा मात्र सुमारे एक षष्ठांश दाखवील. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (वेग बदलण्याचा दर), हे सूत्र मी या टप्प्यावर फळ्यावर आणत नाही. ते नववीत येते आणि तिथेच शोभते. सुरुवातीच्या वर्षांत मी ते पहिल्याच तासाला लिहीत असे, आणि मुले आकडे घालून अचूक उत्तर काढत. पण वाळूतल्या होडीवर किती बले आहेत, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नव्हते.