ओमानला कधी जावे? तुम्ही विचारलेत म्हणून

नोकरी संपवून साताऱ्याला परतल्यापासून ओळखीची माणसे मला एकच प्रश्न विचारतात: ‘तुम्ही इतकी वर्षे मस्कतला होतात, मग आम्ही ओमानला कधी जावे?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मे महिना आधीच ठरलेला असतो, कारण मुलांना तेव्हाच सुट्टी असते. माझे उत्तर असे, की मे महिन्यात मुळीच जाऊ नये.

माण-खटावचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला उन्हाचे भय वाटत नाही. मलाही पहिल्या वर्षी वाटले नव्हते. पण दहिवडीचे ऊन कोरडे असते आणि रात्री अंगण निवते. मस्कतला मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि समुद्राच्या दमट हवेमुळे मध्यरात्रीही तो तिशीच्या खाली उतरेलच असे नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापत असे, की आम्ही उन्हाळाभर गीझर बंद ठेवून त्यात साठून निवलेले पाणी अंघोळीला घेत असू.

जावे ते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दिवसा साधारण २५ अंश तापमान असल्याने निझवाचा किल्ला किंवा मुत्राहचा बाजार भर दुपारीही पायी पाहता येतो. शर्कियाच्या वाळवंटात मुक्काम करणार असाल, तर जाड पांघरूण अवश्य न्यावे. मी म्हसवडची घोंगडी नेली होती. दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात तळव्यांना गार लागू लागली, कारण कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची उष्णता अडवायला काहीच नसते. मात्र याच दिवसांत कधी पाऊसही येतो, म्हणून डोंगरावर ढग दिसले तर वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पात्रात उतरू नये. वरच्या पावसाचा लोंढा अचानक येतो. रमजानची तारीखही पाहून घ्यावी; तो दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणेपिणे चालत नाही. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल तर हरकत नाही, ऑक्टोबरात असेल तर थांबलेले बरे.

या साऱ्याला अपवाद दक्षिणेकडच्या सलालाचा, आणि तो सांगताना मला विशेष आनंद होतो. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच्या तिथल्या ऋतूला ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या पीकपाहणीतला खरीप हा तोच अरबी शब्द. महाबळेश्वरला भिजवणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळेच ढोफारच्या, म्हणजे सलाला ज्या प्रांतात आहे त्याच्या, डोंगरांवर धुके आणि रिमझिम उतरते, उतार हिरवे होतात, आणि डोंगर ओलांडला की पुन्हा कोरडी जमीन लागते, जिथे लुबान म्हणजे धुपाची झाडे वाढतात. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात पाहिलेल्या आपल्याला हे नवे नाही. आखाती देशांतली कुटुंबे तिथे छत्री न उघडता, पोरांना घेऊन ओल्या गवतावर तासन्‌तास बसलेली मी पाहिली आहेत. तेव्हा सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळणार असेल, तर मस्कतला न रेंगाळता सरळ सलालाचे विमान धरावे.