पायथनच्या ‘डिड यू मीन’ची आवृत्तीगणिक तपासणी: माझा अनुभव

मराठी माध्यमातल्या मुलांना मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. लॅबच्या मशीनवर तिची ३.१० ही आवृत्ती, काहींच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ३.८, नव्या लॅपटॉपवर ३.१३. त्यामुळे एकाच चुकीवर एका मुलाला ‘डिड यू मीन’ (तुम्हाला हे म्हणायचंय का?) असं विचारून नेमका उपाय सुचवला जातो, तर शेजारच्याला नुसतं ‘नाव सापडलं नाही’ एवढंच कळतं. नोट्समध्ये ‘पायथन काय सुचवतंय ते वाचा’ असं लिहायचं, तर कुठल्या आवृत्तीत काय सुचवलं जातं हे आधी पडताळणं भाग होतं.

पायएन्व (पायथनच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायचं साधन) वापरून सगळ्या आवृत्त्या एकाच मशीनवर घेतल्या आणि मुलं नेहमी करतात त्या चुकांचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. पहिला पेच इथेच आला. ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडू न देता, एरर पकडून तिचा मजकूर तपासला, तर ३.१० मध्येही सूचनेचा पत्ता नाही! कारण नावाच्या चुकीवरची ‘डिड यू मीन’ ही ओळ एररच्या मजकुरात नसतेच. एरर स्क्रीनवर छापताना ती जोडली जाते. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचा आणि एरर म्हणून जे बाहेर पडेल ते तपासायचं, हाच खरा मार्ग. विद्यार्थ्यांसाठीही हे महत्त्वाचं आहे. एरर पकडून नुसती प्रिंट केली, की ती मदत कुणालाच दिसत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० ने मोठा फरक पाडला. बंद न केलेला कंस नेमका कुठे उघडला ते ती सांगते, ३.८ बिचारी पुढच्याच ओळीवर बोट ठेवायची. मॅथ मोड्यूल (गणिताचा तयार कोड) इम्पोर्ट करायचं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आणायचं राहिलं, तर ‘ते विसरलात का?’ असं विचारणं २०२३ च्या ३.१२ पासून सुरू झालं. मला सगळ्यात आवडली ती ३.१३ ची एक सूचना. नवशिके आपल्या फाइललाच ‘रँडम’ नाव देतात आणि त्यातच पायथनचं त्याच नावाचं मोड्यूल इम्पोर्ट करतात. ३.१० त्यावर ‘बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट’ (फाइल फिरून स्वतःलाच इम्पोर्ट करतेय) असं म्हणते, आणि नवीन मूल तिथेच गांगरतं. ३.१३ मात्र फाइलचा पूर्ण पत्ता देऊन तिचं नाव बदलायला सांगते. ही सूचना एररच्या मजकुरातच असते, त्यामुळे प्रिंट केली तरी दिसते.

मुलांना मी व्हेरिएबलची नावं मराठीतच ठेवू देते. पायथन ३ ला ती चालतात. ‘किंमत’ऐवजी ‘कींमत’ लिहिलं तर बरोबर शब्द सुचवला जातो, हे पाहून फार बरं वाटलं. पण ‘एकूण = दर * नग’ या ओळीत ‘दर’ आधी दिलेला नसला आणि ‘नग’ असला, तर ३.१० विचारते, तुम्हाला ‘नग’ म्हणायचंय का? दोन्ही शब्दांत एकही अक्षर सारखं नाही! याचं कारण पायथनच्या आत शोधल्यावर सापडलं. ही आवृत्ती नावांमधलं अंतर अक्षरांवर नव्हे, तर यूटीएफ-८ (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) च्या बाइटवर, म्हणजे साठवणीच्या छोट्या तुकड्यांवर मोजते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तीन बाइट असतात आणि बहुतेकदा त्यातले पहिले दोन सारखेच. त्यामुळे आखूड मराठी नावं पायथनला एकमेकांची भावंडं वाटतात. रोमन लिपीतली दोन अक्षरी, पूर्ण वेगळी नावं घेतली तर असं होत नाही.

म्हणून ‘काय सुचवलं’ याइतकंच ‘काय सुचवू नये’ हेही आता माझ्या तपासणीत आहे. तुलना करताना मी पूर्ण वाक्य जुळवत नाही, फक्त सुचवलेलं नाव बघते, कारण शब्दरचना आवृत्तीगणिक बदलते. ३.१३ पासून एररला रंगही आले, तेव्हा रंग बंद करूनच चाचण्या चालवते. लॅबच्या नोट्समध्ये ‘दर’ नाही, ‘एका_नगाची_किंमत’ असं लांब नाव घेतलंय, आणि ३.१० वाल्यांसाठी वर ठळक अक्षरांत लिहिलंय: सुचवलेलं नाव लगेच टाकू नका, आधी ओळ वाचा.