थवा मोजताना

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सूर्योदयापूर्वी आम्ही ११ जण पाणपक्ष्यांच्या गणनेसाठी जलाशयाच्या काठी जमलो, तेव्हा पाण्यावर दाट धुके असल्यामुळे पहिला पाऊण तास वारकरी पक्ष्यांच्या आवाजाखेरीज पदरी काही पडले नाही.

एरवी पक्षिनिरीक्षणाला एकट्यानेच जाण्याची मला सवय आहे. आवडलेल्या पक्ष्यापाशी रेंगाळावे, न ओळखता आलेला सोडून द्यावा, कुणाला हिशोब द्यायचा नसतो. गणनेत यातले काहीच चालत नाही. काठाचे चार भाग चार गटांना वाटून दिले होते आणि एखादा थवा आपल्या भागातून उडाला, तर तो किती वाजता, कोणत्या दिशेला गेला हे लगेच फोनवरून कळवायचे होते, नाहीतर तीच बदके दोनदा मोजली जातात. हीच अडचण टाळण्यासाठी दूरदूरच्या जलाशयांवरील मोजणीही शक्यतो एकाच सुमारास केली जाते. १९६७ पासून चालत आलेली आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना जानेवारीच्या मध्याला होते, कारण उत्तर गोलार्धातले स्थलांतरित पाणपक्षी तोवर हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात.

आमच्या वाट्याला थापट्या बदकांचा मोठा थवा आला. ही बदके चपटी चोच पाण्यात घालून एकमेकांभोवती गोलगोल फिरत खातात, त्यामुळे मोजलेले डोके पुन्हा मोजले गेले की काय, अशी शंका सतत येत राहते. असा थवा एकेक करून मोजता येत नाही. त्यातली ५० बदके नीट मोजून ती किती जागा व्यापतात हे नजरेत बसवायचे आणि त्याच मापाने थव्याच्या टोकापर्यंत जायचे. आम्ही तिघांनी एकमेकांना न सांगता लिहिलेले आकडे होते ३४०, ४१० आणि ५५०. सर्वांत लहान आकडा माझा. थवा मोठा असला की नवखा माणूस बहुधा कमीच मोजतो, असे सांगून गटप्रमुख ताईंनी सरासरी काढण्याऐवजी पुन्हा मोजायला लावले. या वेळी ४२०, ४४० आणि ४७० आले. मधला आकडा लिहून शेजारी ‘अंदाजे’ अशी नोंद केली. तिसरी फेरी एका भोवत्याने, म्हणजे एका शिकारी पक्ष्याने, होऊ दिली नाही. तो पाणकणसांवरून सरकत आला आणि सगळा थवा उठला.

एवढा काटेकोरपणा मला पूर्वी अतिरेकी वाटत असे. परंतु पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या एका निकषानुसार, पाणपक्ष्यांच्या एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी जिथे नियमितपणे असतात, ती पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानता येते, आणि ‘नियमितपणे’ हा शब्द सिद्ध करायला वर्षानुवर्षांच्या अशा नोंदीच लागतात.

तक्ता परत देताना तलवार बदकाचा रकाना मी कोरा ठेवला होता. गेल्या वर्षी तिथे ६० होते. “शोधली नाहीत, की शोधूनही दिसली नाहीत?” ताईंनी विचारले. मी दुर्बीण घेऊन पुन्हा काठावर गेलो, पाणकणसांची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटे पाहिली, आणि परत येऊन त्या रकान्यात शून्य लिहिले.