कॅम्परचं कुजलेलं फ्लोअर बदलायची पुण्यातली पाच दिवसांची फेरी

'वरून नवीन व्हिनाइल टाका, खालून डांबर मारा, दोन तासांत मोकळे व्हा.' पुण्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणी हाच सल्ला मिळाला आणि तिन्ही ठिकाणी तो चुकीचा होता. ओला प्लाय दोन्ही बाजूंनी बंद केला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कूज सुरू होते, आणि डांबर-व्हिनाइलच्या मध्ये ती महिनोन्‌महिने टिकते. असं काम केलेलं फ्लोअर वरून नवं कोरं दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यात पाय आत जातो. कोणी हे सुचवलं तर गाडी वळवा आणि दुसरीकडे जा.

गाडी म्हणजे मुक्कामाची सोय असलेला १२ फुटी ट्रेलर. खाली ४० × ४० मिमी बॉक्स पाइपचा सांगाडा, आडवे पाइप दर ४०० मिमीवर, त्यावर १२ मिमी प्लाय आणि २ मिमी व्हिनाइल. जुलैत पौड, मुळशी, ताम्हिणी करून माणगावला उतरलो, दोन मुक्काम झाले. सहल उत्तम झाली, तिच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. परतल्यावर दाराच्या आत सव्वा फुटाचा पट्टा पायाखाली दबायला लागला होता. दुरुस्ती मात्र नोव्हेंबरमध्ये केली, आणि हा पहिला ठाम निर्णय तुम्हीही घ्या: पुण्यात जून ते सप्टेंबर फ्लोअर उघडू नका. त्या हवेत उघडा केलेला प्लाय पुरता वाळत नाही. तोवर गाडी शेडखाली लावा, व्हिनाइल सोडवून गुंडाळून ठेवा आणि पंखा चालू ठेवा.

गळती आधी, सुतार नंतर

फ्लोअर खालून क्वचितच सडायला लागतं. पाणी बहुतेक वेळा वरून येतं आणि जिथे शिरतं तिथे दिसत नाही. छताच्या कडेच्या पट्टीतून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरतं, पाइपवरून वाहत जातं आणि गाडी ज्या बाजूला झुकलेली असेल तिथे साचतं. म्हणून साधा बागेचा पाइप घ्या आणि खालून वर चढत जा: आधी चाकावरची कमान, मग दाराचा उंबरा, मग खिडक्या, शेवटी छत आणि व्हेंट. प्रत्येक ठिकाणी किमान दहा मिनिटं पाणी, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच पाणी उतरतं आणि काहीच कळत नाही. गाड्या धुवायचा प्रेशर पंप वापरू नका. तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

आमच्याकडे पाणी दोन ठिकाणांहून येत होतं: दाराशेजारच्या खिडकीचा वरचा कोपरा आणि उंबऱ्याखाली उघडी राहिलेली प्लायची कड. खिडकीवर आधीच्या कारागिराने सिलिकॉनवर सिलिकॉन चढवलं होतं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर नवीन काहीही धरत नाही. खिडकी काढा, पातं आणि स्पिरिटने फ्रेम साफ करा, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून परत बसवा. पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. ती पास होईपर्यंत प्लाय विकत घ्यायला जाऊ नका.

खराब भागाची हद्द डोळ्यांनी ठरत नाही. आरी (चांभाराची टोकदार टोचणी) घ्या, दर सहा इंचांवर टोचा. चांगल्या प्लायमध्ये ती दोन मिलिमीटर जाते आणि अडकते. कुजलेल्यात ती केक टोचल्यासारखी आत जाते आणि बाहेर काढल्यावर टोकाला काळपट ओला भुसा येतो. जिथे मऊपणा संपतो तिथून आणखी सहा ते आठ इंच पुढे जा, आणि तिथूनही पुढचा आडवा पाइप येईपर्यंत. कापाची रेघ पाइपच्या मधोमध यायला हवी. अधांतरी जोड कधीही देऊ नका.

टिंबर मार्केट: इथे फसवतात

भवानी पेठेत सकाळी दुकानं उघडता उघडता पोचा, नंतर गल्लीत टेम्पो आत घेणं कठीण होतं. सोबत जाडी मोजायचा व्हर्नियर, ओला फडका आणि लटकता वजनकाटा न्या.

मागायचं आयएस (भारतीय मानक) ७१०, म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३चा एमआर ग्रेड, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, घरातल्या कपाटाला ठीक, गाडीच्या तळाला नाही. 'साहेब, हा पण वॉटरप्रूफच आहे' हे वाक्य ऐकायला येईल. पहिल्या दुकानात दाखवलेल्या शीटवर ७१० चा शिक्का होता, पण आयएसआय खुणेखालचा लायसन नंबर इतका फिसकटलेला की वाचता येईना. व्हर्नियर लावला तर १२ मिमीच्या जागी १०.८ भरला. सहा मिमी आणि त्यापुढच्या जाडीला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४च्या खाली गेला की शीट परत. वजन १९ किलो. ८ × ४ ची १२ मिमी मरीन शीट साधारण २५ ते २८ किलो भरते, कारण आतले थर कठीण लाकडाचे आणि दाबलेले असतात. मग ओला फडका घासला, तर फडका लाल झाला. मरीन प्लायच्या वरच्या थराला वापरतात त्या गर्जन लाकडाचा मूळ तांबूस रंग फडक्याला लागत नाही. इथे हलक्या लाकडावर रंग मारलेला होता. भाव मात्र मरीनचा.

लायसन नंबर वाचता आला तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाका, कंपनीचं नाव आणि उत्पादन जुळतं का बघा. दोन इंचाचा तुकडा मागून घ्या आणि घरी कुकरमध्ये तासभर शिजवा. मरीनला प्रमाणाप्रमाणे ७२ तास उकळणं सोसायचं असतं, त्यामुळे तासाभरात थर सुटले तर बोलायलाच नको.

आता पैशांचं. भाव चौरस फुटाला सांगतात, शीट ३२ चौरस फुटांची. बोललेल्या भावात जीएसटी नसतो, कटिंग नसतं, हमाली नसते आणि टेम्पो तर नसतोच. शेवटचं बिल बोललेल्या आकड्याच्या सव्वापट झालं. भाव ठरवतानाच विचारा: 'सगळं धरून, कापून, टेम्पोत चढवून किती?' आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला नाही म्हणाला तर शेजारचं दुकान आहे.

कटिंग तिथेच करून घेणं गरजेचं आहे, याचं कारण आमच्या उशिरा लक्षात आलं. शीट आठ फूट लांब, चार फूट रुंद असते आणि कॅम्परचं दार दोन फुटांचं. अख्खी शीट आत वळतच नाही. आधी सांगाड्याचं माप कागदावर काढा, आडव्या पाइपांच्या मध्यरेषा टिपा, आणि त्या मापाने दुकानातल्या पॅनल सॉवर पट्ट्या पाडून घ्या. हाताने घरी पाडलेली कड सरळ येत नाही आणि जोडात फट राहते. पाइप ६०० मिमीवर असतील तरच १८ मिमी घ्या. विनाकारण जाड घेतलात तर शीटमागे १३-१४ किलो वाढतात आणि ते एक्सलवर जातात.

स्क्रू, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, ब्युटाइल टेप, मल्टीटूलची (थरथरत्या पात्याने कापायचं हातयंत्र) पाती हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होतं. अर्धा दिवस पुरतो.

उंबऱ्याचा पट्टा

बाकीचं फ्लोअर उघडायला दुपार पुरली. सिलिंडर गाडीबाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली, तोंडाला एन-९५. सर्क्युलर सॉचं पातं बरोबर प्लायच्या जाडीवर बसवा. दोन मिलिमीटर जास्त गेलं की पाइपला चरा पडतो किंवा खालची वायर तुटते, म्हणून आधी गाडीखाली झोपून वायर, गॅसची नळी आणि टाकी कुठे आहे त्याच्या खुणा वर काढा. गंजलेले स्क्रू फिरत नाहीत, डोकी मोडतात. प्लाय आणि पाइपच्या मधल्या फटीत मल्टीटूलचं बायमेटल पातं घालून कापा.

पण उंबऱ्याखालचा पट्टा जेमतेम पाच इंच रुंद आणि दोन फूट लांब, त्याने दीड दिवस खाल्ला. प्लाय तिथे दाराच्या ॲल्युमिनियम फ्रेमखाली ३५ मिमी आत जातो. सॉ तिथे पोचत नाही. एका बाजूला ओट्याच्या कपाटाचे पाय त्याच प्लायमध्ये आवळलेले. चाकाचं पाणी थेट या कडेवर उडतं, म्हणून सगळ्यात जास्त कूज इथेच असते, आणि नेमका हाच तुकडा कारागीर 'राहू द्या, वरून दिसत नाही' म्हणून सोडतात. सोडू देऊ नका. हा सोडला तर बाकी सगळं काम फुकट, कारण इथली बुरशी नव्या प्लायमध्ये चढते.

क्रम असा. उंबऱ्याची पट्टी काढा. दाराच्या फ्रेमखाली दोन्ही टोकांना लाकडी पाचरी ठोकून तिचं वजन उचलून धरा, नाहीतर प्लाय निघताच फ्रेम बसते आणि दार लागत नाही. मल्टीटूलने चार-चार इंचांचे तुकडे पाडून ओढून काढा. पाइप तारेच्या ब्रशने घासा, गंज थांबवणारा रस्ट कन्व्हर्टर लावा, तो पूर्ण काळा पडू द्या, मग झिंक फॉस्फेट प्रायमर. कडेला आधार नसेल तर २५ × २५ चा अँगल लागतो. वेल्डर म्हणेल दोन टाके मारतो. भिंतीत थर्मोकोल असताना तिथे वेल्डिंग करणं म्हणजे गाडी पेटवणं आहे. अँगल एम-६ बोल्टने कसा. ॲल्युमिनियमचा घेतलात तर लोखंड आणि त्याच्यामध्ये ब्युटाइल टेप घाला. दोन धातू ओल्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

नवीन तुकडा अख्खा सरकत नाही. त्याचे दोन भाग करा, मध्ये ४० मिमी रुंदीचा अर्ध्या जाडीचा खाचजोड, म्हणजे दोन्हींकडून ६-६ मिमी. आधी लांब भाग फ्रेमखाली, मग छोटा, जोडात इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन). दुसऱ्या दिवशी पाचरी काढल्यावर दार पूर्वीसारखं टक्‌ करून लागलं, तेव्हा अक्षरशः टाळ्या वाजल्या.

इपॉक्सी, स्क्रू, व्हिनाइल

मरीन प्लायसुद्धा कडांमधून पाणी पितो. बसवण्याआधी सहाही बाजूंना इपॉक्सीचे दोन हात, कडांना तीन. एका पूर्ण शीटला दोन किलोच्या आसपास लागतं. हार्डनर वजन करूनच घाला. थंडीत लवकर सुकावं म्हणून वाढवलात तर ते कायमचं चिकट राहतं. मिसळलेलं इपॉक्सी पेल्यात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता, पेल्यात ते तापून दगड होतं. रात्रभर सुकल्यावर वर मेणासारखा थर येतो, तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मग ८० नंबरचा सँडपेपर, मग दुसरा हात.

पाइपवर पीयू ॲडहेसिव्हची ६ मिमीची धार. ३०० मिलीच्या नळीत ती साधारण १० मीटर जाते, आणि एका शीटखाली कडा व आडवे पाइप मिळून १३ मीटर होतात, म्हणजे शीटला दोन नळ्या. तुकड्यांमध्ये आणि भिंतीशी ३ मिमी फट सोडा, ती पीयू सीलंटने भरा. स्क्रू पंखवाले सेल्फ-ड्रिलिंग घ्या. साधा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू पाइपमध्ये शिरताना प्लायला वर उचलतो आणि मग फ्लोअर कुरकुरतं. पंख प्लायमध्ये मोठं भोक पाडतात आणि लोखंडाला लागताच तुटतात. ३०४ स्टेनलेसचा सेल्फ-ड्रिलिंग मागू नका, तो लोखंड भोसकत नाही. ४१० ग्रेडच्या स्टेनलेसचा घ्या. कडेला १५० मिमीवर, मध्ये २५० मिमीवर, शीटला पाऊणशे लागतात, शंभर आणा. प्रत्येक डोकं खाली बुडवून वर इपॉक्सी पुट्टी. एक जरी खड्डा राहिला तर व्हिनाइलवर तो उठून दिसतो.

व्हिनाइलचा गोंद निवडताना बहुतेक जण चुकतात. पाण्यात मिसळलेला ॲक्रिलिक गोंद पृष्ठभागाने पाणी शोषलं तरच सुकतो. इपॉक्सी मारलेला प्लाय काहीच शोषत नाही, आणि आठवड्यानंतरही गोंद खाली ओलाच राहतो. दोन घटकांचा पीयू गोंद घ्या. व्हिनाइल आदल्या दिवशी पसरून ठेवा, एकाच तुकड्यात टाका, भिंतीवर तीन इंच चढवा. उंबऱ्यावर ॲल्युमिनियम पट्टी, तिच्याखाली आणि प्रत्येक स्क्रूखाली ब्युटाइल टेप.

गाडीच्या तळाला खालून काही मारायचं असेल तर फक्त पाइपांना मारा. प्लायची खालची बाजू इपॉक्सीवरच सोडा, म्हणजे हात फिरवून ओल कळेल. उंबऱ्याजवळ व्हिनाइलला दोन बाजूंनी चीर देऊन तळहाताएवढी पट्टी उचलता येईल अशी ठेवली आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर ती उचलून आरी टोचायची. दोन मिलिमीटरवर अडकली तर ठीक, नाहीतर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यावर परत बागेचा पाइप धरायचा.